ताटाची डावी बाजू

वॉर्डात दुपारी साडेबाराच्या सुमारास जेवणाची गाडी येते. राउंड आटोपलेला असेल तर मी पाच-दहा मिनिटं मुद्दाम रेंगाळतो. पेशंट कसा जेवतो हे नुसतं बघितलं तरी त्याच्या मेंदूबद्दल पुष्कळ कळतं, आणि या तपासणीला पैसे पडत नाहीत. मध्यंतरी साठीतले एक शेतकरी काका असेच जेवत बसले होते. चार दिवसांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलेलं. डावा हात-पाय लुळा, बोलणं मात्र अगदी स्वच्छ. उजव्या हातानं नीट घास घेत होते. भात-आमटी संपली तसे थांबले आणि बायकोला म्हणाले, "भाजी न्हाई व्हय आज?" भाजी ताटातच होती, डावीकडच्या कप्प्यात. तिच्या शेजारी न मोडलेली चपातीही होती.

मावशी वैतागल्या होत्या. "डॉक्टरसाहेब, आल्यापासनं असंच चाललंय. म्होरलं खात न्हाईत आन् मलाच बोलत्यात. डाव्या अंगाला बसले तर वळून बघत बी न्हाईत माझ्याकडं. रुसल्यात का काय?"

मी ताट अर्धा फेरा फिरवलं. डावीकडचं उजवीकडे आलं. काकांनी भाजीकडे बघितलं, "आत्ता वाढली," म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

या प्रकाराला वैद्यकात 'निग्लेक्ट' म्हणतात. मराठीत सरळ भाषांतर केलं तर 'दुर्लक्ष'. पण हा शब्द फसवा आहे. आपण "त्यानं दुर्लक्ष केलं" म्हणतो तेव्हा त्यात हेतू गृहीत असतो. दिसत होतं, कळत होतं, तरी बघितलं नाही, असा तो आरोप असतो. काकांच्या बाबतीत करणारा कोणी नाही. जगाची डावी बाजू त्यांच्यापुरती उरलेलीच नाही, आणि ती गेली आहे हेही त्यांना जाणवत नाही. मावशींना वाटलं रुसले. दुसऱ्या एखाद्या घरात वाटतं, वेड लागलं. तिसऱ्या घरात म्हणतात, "आजारपणाचं निमित्त करून नखरे चाललेत." एका मेंदूविकाराला घरातलं भांडण समजलं जातं, म्हणून हा विषय आज घेतला आहे. दुसरं कारण त्याहून गंभीर आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी हे पेशंट काय काय करतात ते सांगतो. दाढी केली तर उजव्या गालाची. सदऱ्याची उजवी बाही चढवली की कपडे घालून झाले. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर गोल पूर्ण काढतात, पण बारापर्यंतचे सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतात किंवा सहावर थांबतात आणि कागद परत देतात. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटतो. घरच्या जेवणात तर गंमतच होते. आपल्याकडे पानाची डावी बाजू म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. "सूनबाई हल्ली चटणीच करत नाही," अशी तक्रार त्यातून जन्माला येते आणि बिचारी सूनबाई रोज पाट्यावर चटणी वाटत असते.

वर्तमानपत्र वाचताना ओळ मधूनच सुरू होते. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे ओळीचं आणि कधी कधी शब्दाचंही तोंड हरवतं. छापलेलं असतं 'महाराष्ट्र', वाचलं जातं 'राष्ट्र'. 'नागपूर'चं नुसतं 'पूर' होतं. मग पेपरवाले काहीच्या काही लिहायला लागलेत, असा निष्कर्ष निघतो. (तो निष्कर्ष काढायला दर वेळी निग्लेक्टच असावा लागतो असं नाही, ही गोष्ट वेगळी.)

साहजिक प्रश्न येतो की डोळे तर बिघडले नाहीत ना? तपासून बघता येतं. पेशंटसमोर बसायचं, त्याला आपल्या नाकाकडे बघायला सांगायचं आणि आपले दोन्ही हात दोन बाजूंना धरायचे. फक्त डावीकडचं बोट हलवलं की तो म्हणतो, "हललं." फक्त उजवीकडचं हलवलं तरी म्हणतो, "हललं." आता दोन्ही बोटं एकदम हलवायची. तो म्हणतो, "उजवीकडचं." क्षणापूर्वी जे डावं बोट दिसत होतं, ते उजवं हलताच नाहीसं झालं. डोळा तोच, डोळ्यामागची नसही तीच. बिघाड दृष्टीत असता तर डावं बोट कधीच दिसलं नसतं. इथे दोन गोष्टींची स्पर्धा लागली आणि डावी हरली. सगळ्याच पेशंटमध्ये हे इतकं स्वच्छ दिसत नाही. काहींची डावी बाजू एकटी असतानाही हरते, काहींना झटक्यात दृष्टीचा भागही गमवावा लागलेला असतो. पण ज्याची फक्त अर्धी दृष्टी गेली आहे तो माणूस थोड्याच दिवसांत मान वळवून बघायला शिकतो, कारण तिकडे काहीतरी आहे हे त्याला ठाऊक असतं. निग्लेक्टचा पेशंट मान वळवत नाही. जिथे काही नाहीच, तिथे कोण कशाला वळून बघेल?

ही स्पर्धा आपल्या सगळ्यांच्या मेंदूत अष्टौप्रहर चालू असते. एका डोळ्याच्या नसेत सुमारे १० लाख तंतू असतात, आणि शिवाय कान, त्वचा, नाक, पोट यांच्याकडून येणारा संदेशांचा लोंढा वेगळा. या सगळ्याचा पूर्ण विचार करणं मेंदूला परवडत नाही. डोळ्याचंही तेच. बारीक अक्षर वाचण्याइतकं स्पष्ट दिसतं ते हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतच. बाकी सगळं धूसर. सेकंदाला साधारण तीन वेळा डोळे जागा बदलत राहतात आणि मेंदू त्या तुकड्यांवरून अख्खं, स्वच्छ जग आपल्यासमोर मांडतो. डोळे पुढे कुठे न्यायचे, आलेल्यातलं काय उचलायचं आणि काय सोडून द्यायचं, हे ठरवणारी यंत्रणा म्हणजे लक्ष.

आपली भाषा याबाबत नेमकी आहे. आपण लक्ष 'देतो', आणि आपलं लक्ष 'जातं'सुद्धा. मेंदूतही हे दोन वेगळे रस्ते आहेत. मंडईत शिरून आपण कोथिंबीर शोधतो तेव्हा कपाळामागचा आणि डोक्याच्या वरच्या मागच्या बाजूचा भाग मिळून डोळ्यांना कामाला लावतात. तेवढ्यात मागे एखादं भांडं खणकन पडलं, की दुसरी यंत्रणा पहिलीला बाजूला सारून मान तिकडे वळवते. ही दुसरी यंत्रणा बहुतांश उजव्या मेंदूत, कानाच्या वर-मागे असलेल्या भागात आहे. तिच्याखाली आणखी एक पायरी आहे, ती म्हणजे जागेपणाची. मेंदूच्या देठात निळसर रंगाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो नॉरअ‍ॅड्रिनलीन सोडून सगळ्या मेंदूला सावध ठेवतो. तो मंदावला की वरच्या दोन्ही यंत्रणा ढेपाळतात. पेंगुळलेल्या माणसाला "लक्ष दे" म्हणून का उपयोग होत नाही, ते यातून कळतं.

मग डावीच बाजू का हरवते? आज सर्वाधिक मानलं जाणारं उत्तर असं. मेंदूचा डावा अर्धा भाग मुख्यतः उजव्या बाजूच्या जगाकडे लक्ष ठेवतो. उजवा अर्धा भाग दोन्ही बाजूंवर पहारा देतो. डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवा दोन्हीकडचं सांभाळून घेतो. उजव्याला इजा झाली तर डाव्या बाजूला वालीच राहत नाही. उजवी बाजू हरवल्याचे पेशंटही आम्ही बघतो, पण तो बिघाड बहुधा सौम्य असतो आणि लवकर ओसरतो. झटक्यात बंद पडणारी सर्वांत नेहमीची रक्तवाहिनी मेंदूच्या बाहेरच्या बाजूच्या बऱ्याच भागाला रक्त पुरवते. उजवीकडची ती बंद पडली की डावा हात, डावा पाय आणि डावं जग असं एकदमच जातं.

हे 'डावं जग' केवळ डोळ्यांसमोरचं नसतं. १९७८ साली इटलीतल्या मिलानमध्ये एदोआर्दो बिसियाक आणि क्लाउदिओ लुझात्ती या दोघांनी फार साधा प्रयोग केला. त्यांचे दोन पेशंट मिलानचेच रहिवासी होते, शहरातला कॅथीड्रलसमोरचा मोठा चौक त्यांच्या पायाखालचा. त्यांना सांगितलं, "कल्पना करा, चौकाच्या पलीकडच्या टोकाला कॅथीड्रलकडे तोंड करून तुम्ही उभे आहात. काय काय दिसतं ते सांगा." त्यांनी उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या. डावीकडच्या बहुतेक गाळल्या. मग सांगितलं, "आता कल्पनेतच चौक ओलांडा, कॅथीड्रलच्या दारात उभे राहा आणि चौकाकडे बघा." आता उजवी-डावी उलट झाली. पेशंटनी मघाशी गाळलेल्या इमारती धडाधड सांगितल्या आणि मघाशी सांगितलेल्या गाळल्या.

इथे डोळ्यांचा संबंधच नव्हता. आठवणीत सगळा चौक शाबूत होता, पण कल्पनेतही डाव्या बाजूपर्यंत लक्ष पोचत नव्हतं. मेंदूत एखादी गोष्ट साठवलेली असणं आणि ती आपल्या जाणिवेत येणं या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे इतक्या थोडक्या साधनांत दाखवणारा प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

जळत्या घराचा प्रयोगही असाच. १९८८ मध्ये ब्रिटनमधल्या जॉन मार्शल आणि पीटर हॅलिगन यांनी निग्लेक्ट असलेल्या एका बाईंना दोन घरांची रेषाचित्रं एकाखाली एक दाखवली. दोन्ही घरं सारखी, फक्त एकाच्या डाव्या बाजूनं आगीच्या ज्वाळा निघत होत्या. बाई म्हणाल्या, दोन्ही चित्रं अगदी सारखी आहेत. मग विचारलं, यातल्या कुठल्या घरात राहायला आवडेल? प्रश्नच त्यांना खुळचट वाटला, सारख्या घरांत निवड कसली करायची? पण आग्रहच केला तेव्हा त्यांनी बहुतेक वेळा न जळणारं घर निवडलं. आगीची बातमी मेंदूत कुठंतरी पोचली होती. बाईंपर्यंत पोचली नव्हती. पुढे २००० साली लंडनमधल्या संशोधकांनी एमआरआयवर असंच काहीसं पाहिलं. दोन्ही बाजूंना एकदम चित्रं दाखवल्यावर पेशंटला डावीकडचं दिसत नव्हतं, पण मेंदूचा दृष्टीचा भाग त्या चित्राला प्रतिसाद देत होता.

गावात एक बातमी एका घरात कळणं आणि तिची दवंडी पिटली जाणं यात जो फरक आहे, साधारण तोच इथे आहे. 'जाणीव म्हणजे मेंदूतली दवंडी', अशा अर्थाचा एक सिद्धांत बर्नार्ड बार्स यांनी १९८८ मध्ये मांडला आणि पुढे पॅरिसमधल्या स्तानिस्लास देहान यांनी तो मेंदूच्या मोजमापांशी जोडला. एखादी माहिती दृष्टीच्या भागातच राहिली तर आपल्याला ती कळत नाही. ती भाषा, स्मृती, निर्णय, हालचाल अशा सगळ्या भागांना एकाच वेळी मिळाली की आपण म्हणतो, "मला दिसलं." कुठली बातमी दवंडीला द्यायची, हे बऱ्याच अंशी लक्ष ठरवतं. लक्ष आणि जाणीव एकच आहेत का, यावर अजून वाद आहे. दृष्टीचा भाग निकामी झालेल्या एका पेशंटमध्ये, न दिसणाऱ्या जागेकडे लक्ष वळवल्यावर त्याची उत्तरं जलद येत, तरी त्याला दिसत काहीच नसे. म्हणजे लक्ष असूनही जाणीव नाही, असंही होतं. माझ्यासारख्या खाटेजवळ काम करणाऱ्याला मात्र उलट बाजू रोज दिसते. लक्ष गेलं की जाणीवही जाते आणि मागे रिकामी जागासुद्धा ठेवत नाही.

हे मेंदूला इजा झालेल्यांचं झालं, आपलं तसं नाही, असं वाटत असेल तर थोडं थांबा. १९९९ मधला डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांचा बास्केटबॉलचा प्रयोग अनेकांनी ऐकला असेल. चित्रफितीतल्या खेळाडूंचे पास मोजायला सांगितलेल्या जवळपास निम्म्या लोकांना, मधून छाती बडवत गेलेला गोरिलाच्या वेषातला माणूस दिसला नाही. हा प्रयोग आता इतका प्रसिद्ध झाला आहे की त्यानं फसणारे कमी उरलेत. मला त्याची २०१३ मधली आवृत्ती अधिक महत्त्वाची वाटते. अमेरिकेत २४ रेडिओलॉजिस्टना छातीच्या सीटी स्कॅनमध्ये कॅन्सरच्या बारीक गाठी शोधायला दिल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये संशोधकांनी गोरिलाचं चित्र टाकलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. डोळ्यांच्या हालचालींची नोंद बघितली तेव्हा कळलं की त्या २० पैकी बहुतेकांचे डोळे थेट गोरिलावर जाऊन आले होते. ही माणसं आपल्या कामात तरबेज होती. गाठ शोधण्यावर लक्ष एकवटलेलं होतं, म्हणून गाठीसारखं न दिसणारं सगळं गळून गेलं. आमच्या रेडिओलॉजी विभागात हे वाचून दाखवल्यावर तिथल्या सहकाऱ्यांनी मला चहा पाजला नाही, हेही नमूद करतो.

गोरिला बाजूला ठेवा, फोनचं बघू. १९९७ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात, मोबाइल बाळगणाऱ्या आणि अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला. हात मोकळे ठेवणारं उपकरण वापरणाऱ्यांनाही त्यात फायदा दिसला नाही. अपघात विभागात आम्ही ऐकतो ते वाक्य ठरलेलं असतं, "समोरून आला ते दिसलंच नाही हो." पोलिसांना ती सबब वाटते. बहुतेक वेळा ते खरं असतं. डोळे रस्त्यावर होते, लक्ष बायकोशी किंवा साहेबाशी बोलत होतं. आणि काकांसारखंच, जे हुकलं ते हुकल्याचं आतून कळत नाही. त्यामुळे "मला जमतं, मी वर्षानुवर्षं बोलत गाडी चालवतोय," हा अनुभवाचा दाखला इथे निरुपयोगी आहे. न दिसलेल्या गोष्टी अनुभवात जमाच होत नाहीत.

आता ज्या गंभीर कारणासाठी हा लेख लिहिला, त्याकडे येतो.

डावी बाजू हरवलेल्या पेशंटपैकी काहींना आपला हात लुळा पडलाय हेही कळत नाही. फ्रान्समधले मेंदूविकारतज्ज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये या स्थितीला 'अ‍ॅनोसोग्नोसिया' असं नाव दिलं. आपल्या आजाराचीच जाणीव नसणं. "डावा हात उचला" म्हटलं की पेशंट म्हणतो, "हा काय, उचलला." हात गादीवर तसाच पडलेला असतो. हात उचलून त्याच्यासमोर धरला आणि "हा कुणाचा?" विचारलं, तर "तुमचाच असंल," असं उत्तर आलेलं मी ऐकलं आहे. हा धक्का न पचल्यामुळे केलेला इन्कार नव्हे. डाव्या मेंदूचा झटका आलेले लोक तेवढेच लुळे असतात, तेवढेच घाबरलेले असतात, तरी असं क्वचितच म्हणतात.

कल्पना करा, रात्री नऊ वाजता घरातल्या एखाद्या ज्येष्ठ माणसाला डाव्या मेंदूचा झटका आला. तोंडातून शब्द फुटत नाही, बोबडं काहीतरी येतं, उजवा हात पडतो. सगळं घर धावतं, पंधरा मिनिटांत गाडी काढली जाते. तोच झटका उजव्या मेंदूत आला तर? माणूस बोलतोय, नावं ओळखतोय, उत्तरं देतोय. जरा डावीकडे कललाय. "काही नाही, दमलोय. झोपतो," म्हणतो. आणि घरचे त्याला झोपू देतात, कारण आजारी माणसाला काय होतंय हे त्याच्याइतकं कुणाला कळणार, असा आपला साधा हिशोब असतो. या एका आजारात तो हिशोब चुकतो. सकाळी तो आमच्याकडे येतो तेव्हा गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ बहुधा निघून गेलेली असते. ते इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितका उपयोग अधिक.

हे केवळ माझ्या वॉर्डातलं निरीक्षण नाही. २००५ मध्ये जर्मनीतल्या रुग्णालयांच्या नोंदींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डाव्या मेंदूच्या झटक्यांची नोंद उजव्यापेक्षा ठळकपणे जास्त निघाली. उजव्या मेंदूचे बरेच झटके ओळखलेच जात नसावेत, हे त्याचं संशोधकांना पटलेलं कारण. आम्ही डॉक्टरही यात निर्दोष नाही. झटक्याची तीव्रता मोजायला जगभर जी ४२ गुणांची मोजपट्टी वापरतात, तिच्यात भाषेशी संबंधित ७ गुण आहेत आणि निग्लेक्टला जेमतेम २.

म्हणून घरच्यांनी एवढं पक्कं ध्यानात ठेवावं. अचानक चेहऱ्याची एक बाजू ओघळली, एक हात वर धरल्यावर खाली येऊ लागला, एक पाय फरफटू लागला, मान आणि डोळे एकसारखे उजवीकडेच वळलेले राहू लागले, एका बाजूच्या वस्तूंवर माणूस आदळू लागला, तर "तुम्हाला काही होतंय का?" हा प्रश्न विचारून थांबू नका. दोन्ही हात समोर पसरायला सांगा आणि आपल्या डोळ्यांनी बघा. तो "मला काही झालेलं नाही" म्हणाला तरी १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. शेवटचं ठीक कधी पाहिलं होतं, ती वेळ लक्षात ठेवा. डॉक्टर सर्वांत आधी तीच विचारतील. तोंडात पाणी, गोळी, काही घालू नका.

झटका येऊन गेल्यावर पुढे काय? बऱ्याच पेशंटचं निग्लेक्ट पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत कमी होतं. काहींचं वर्षानंतरही थोडंफार उरतं, आणि ज्यांचं उरतं त्यांना लुळ्या हातापेक्षा तेच जास्त पांगळं करतं. यावर हमखास गोळी नाही. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या इव्ह रोसेत्ती आणि सहकाऱ्यांनी दृश्य १० अंश उजवीकडे सरकवणारा लोलकाचा चष्मा पेशंटना लावून काही मिनिटं समोरच्या खुणांकडे बोट दाखवायला लावलं. चष्मा काढल्यावर त्यांचं लक्ष डावीकडे सरकलं आणि तो परिणाम निदान दोन तास टिकला. नंतरच्या अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत. डाव्या कानात गार पाणी सोडलं तर शरीराच्या तोलाची यंत्रणा चाळवते आणि काही मिनिटांपुरती डावी बाजू परत येते, हेही १९८० च्या दशकात दिसलं. लुळ्या हाताची जाणीव नसलेल्यांना तेवढा वेळ ती जाणीवही आली. हा घरी करायचा उपाय अजिबात नाही, नाहीतर उद्या ओपीडीत कानांची रांग लागायची. पण हरवलेली बाजू मेंदूतून पुसली गेलेली नसते, हे त्यातून कळतं.

१९९८ चाच आणखी एक प्रयोग मला रोजच्या कामात उपयोगी पडतो. निग्लेक्टच्या पेशंटना डावीकडची घटना उजवीकडच्या घटनेपेक्षा सरासरी अर्धा सेकंद उशिरा जाणवत होती. आधी एक सावध करणारा आवाज दिला की हा फरक मिटत होता. मघाशी म्हटलेली जागेपणाची पायरी ती हीच. म्हणून व्यायाम पेशंट ताजातवाना असताना घ्यावेत, रात्रीची झोप सांभाळावी, आणि झोपेच्या किंवा गुंगी आणणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. बोलायच्या आधी टेबलावर टकटक करा, डाव्या हाताला स्पर्श करा, नावानं हाक मारा, मग मुद्द्याचं बोला.

घरात पहिले काही दिवस पाणी, घंटी, चष्मा, फोन उजवीकडेच ठेवा. उगाच शिस्त लावायला म्हणून पाण्याचा तांब्या डावीकडे ठेवला तर माणूस तहानलेला राहील. गरम चहा तर डावीकडे कधीच ठेवू नये. जरा सुधारणा झाली की गप्पा मारायला डावीकडे बसा. सुरुवातीला उजवीकडून बोलायला लागा आणि बोलता बोलता खुर्ची हळूहळू पलीकडे न्या. "नीट बघा" या सूचनेचा काही उपयोग नाही, कारण तो त्याच्या मते नीटच बघत असतो. "मान डावीकडे वळवा, लाल पट्टी दिसेपर्यंत वळवा," असं सांगा. टेबलाच्या आणि वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावा आणि प्रत्येक ओळ तिच्यापासून सुरू करायची सवय लावा. डावा हात चाकाच्या खुर्चीच्या आऱ्यांत किंवा अंगाखाली अडकलेला नाही ना, हे येता-जाता बघा. त्याला दुखलं तरी तो ओरडेल याची खात्री नाही. "हात चालतो माझा" म्हणाला तर वाद घालू नका, वादानं जाणीव परत येत नाही. हात हातात घेऊन व्यायाम सुरू करा.

गाडी चालवणं, मग ती दुचाकी असो की ट्रॅक्टर, पूर्ण तपासणी होऊन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. पेशंटला स्वतःला जमतंय असं वाटणं हा इथे पुरावा धरत नाहीत. एकट्यानं रस्ता ओलांडणं आणि गॅसपाशी काम करणंही सध्या नको. दर आठवड्याला एका कोऱ्या कागदावर त्याच्याकडून घड्याळ काढून घ्या, आकड्यांसकट. शेजारी बसा, पण सुचवू नका. कागदावर तारीख घाला आणि फाइलला लावून पुढच्या ओपीडीला घेऊन या.